मागची बाजू

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघी ठीक आहोत, तुमचंही सगळं ठीक चाललं असेल. स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलला. कँटीनमध्ये नवी शेगडी आली, पण तिची आच मंद. भाजीला उशीर होतो आणि ऑफिसातली मंडळी काउंटरवर बोटं वाजवत उभी राहतात.

शिकायला माझ्या भरवशावर ठेवलेली तुझी भिंगरी आता बरी आहे. शाळेत तिला जरा अशक्तपणा आला, असं मी फोनवर म्हणाले होते. जरा नव्हता. चक्कर येऊन ती जिन्यात पडली, शिपाईबाईंनी उचलून आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी कित्येक आठवडे नीट जेवलेलीच नाही. अख्ख्या ऑफिसला जेवू घालणाऱ्या बाईच्या घरात पोर उपाशी. डबा तर रोज रिकामा यायचा, वर स्वच्छ विसळलेला.

तो मैत्रिणी खायच्या, हे दवाखान्यातच कळलं. ही मधल्या सुट्टीत वेफर्सचं छोटं पाकीट घ्यायची. रात्री मी दमून आले की 'मी आधीच जेवले' म्हणायची.

वेफर्सचं मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू? दप्तरात रिकामी पाकिटं सापडायची. या वयात पोरींना चटकमटक लागतंच, असं समजून मी त्या पाकिटाशीच चुरस लावली. बटाटे कुरकुरीत भाजले, मीठ-मिरी लावली, डबा सजवला. एका पाकिटापुढे हरले तर कसली स्वयंपाकीण मी?

घरी आणल्यावर तिला विचारलं, एवढं काय आहे गं त्यात? रागावले नाही, शपथ. चादरीचा कोपरा पिळत ती म्हणाली, "मावशी, चवीचं नाहीये ते. पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, आत किती कॅलरी आहेत ते. तेवढंच पोटात गेलं, हे कळतं. तुझ्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं. मला त्याची भीती वाटते."

माझ्या जेवणाची भीती.

हे कधीपासून, तेही विचारलं. आता इथून पुढचं फोनवर बोलले असते तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून हे पत्र. गणपतीच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर तिला बघून तू म्हणाली होतीस, "ताईचं जेवण मानवलंय हो. आता दारं रुंद करून घ्या." आपण सगळे हसलो. तीही हसली. मला तर ते माझ्या हाताचं कौतुक वाटलं, कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले. तेव्हापासून.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. थोडा देतेय बहुतेक. त्यातला निम्मा माझ्याकडे ठेवलाय.

डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला बोलावलंय. काल तिने माझ्या ताटातला एक घास उचलला. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

शनिवारी तू येशील तेव्हा मी कामावर असेन, दार तीच उघडेल. 'किती वाळलीस' म्हणू नकोस. 'छान दिसतेस'ही नको. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते गाडीतच ठरवून ये.

त्या वाक्यावर जीव टांगून बसलेली,
तुझी ताई