राहून गेलेलं रडणं

प्रिय बुरुल,

तुझा भाऊ तालान्त म्हणतो, "फोन कर की, पत्र कशाला?" पण फोनवर तू 'सगळं ठीक आहे' म्हणतेस, मीही तेच म्हणते, आणि बोलणं संपतं. म्हणून लिहायला बसले.

इकडे आपल्या डोंगरात, नारीनला, थंडी उतरली. घोड्या कुरणावरून खाली आणल्या. सूनबाई मला कशालाच हात लावू देत नाही. तुझे बाबा गेल्यापासून घरात सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतात.

त्या दिवसाचं तुला नीट कुणी सांगितलं नसेल. तालान्तनं अंगणात रीतीचा, जाड लोकरी नमद्याचा तंबू उभारू दिला नाही, मयताच्या जेवणाला घोडा कापू दिला नाही. मशिदीतले नवे मुल्ला सांगतात, गळा काढून रडलं की गेलेल्याला त्रास होतो. मला त्यात वावगं वाटलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी. मयताच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून चालीवर शोक गाणाऱ्या बायका पाहिल्या की मी तुझ्या बाबांना विचारायची, "दुःखालाही तालीम लागते का हो?" ते हसून म्हणायचे, "माझ्या वेळी बघू तुझं." तर त्यांच्या वेळी दुपारच्या आत सगळं उरकलं. शेजारी चहा पिऊन गेले. मी भांडी घासायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

तेवढ्यात कालीपाआत्या आली. डोंगरापलीकडून यायला तिला उशीर झाला होता. रस्त्यावरच गाडीतून उतरली आणि रीतीप्रमाणे लांबूनच सूर लावला, "माझ्या टेकायच्या डोंगरा, कुठं गेलास रे..." तालान्त फाटकात आडवा आला. "आत्या, इथं असं रडायचं नाही. आत ये, चहा घे." म्हातारी म्हणाली, "माझा भाऊ गेलाय, बाबा. चहा मी घरीही पीत होते." पण सूर थांबवून आत आली. पेला हातात धरून बसली, प्यायली नाही. निघताना माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, हे ओझं मी आता कुठं उतरवू?"

मला तर रडूच येईना. गावात म्हणायचे, बाई धीराची. धीर कसला, आत दगड बसला होता. चाळिसाव्या दिवशी मी कुणाला न विचारता आत्याला बोलावलं आणि शेजारणींना घेऊन कोठारातला तंबू बाहेर काढला. तालान्त म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "सांग त्यांना, गणिताच्या बाई वेड्या झाल्या." तो पाय आपटत मागच्या अंगणात गेला.

आत आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो. आत्या एक ओळ म्हणायची, मी तिच्यामागून. शब्द माझे नव्हतेच. किती पिढ्यांच्या बायकांनी वापरून गुळगुळीत केलेले. म्हणूनच बहुधा ते तोंडात बसले. मग मध्येच माझे शब्द आले. दार कधी नीट न लावणारा माणूस, असलं काहीबाही. आत्यानं ते तसेच चालीत ओढून घेतले. बऱ्याच वेळानं नमद्याच्या पलीकडून पुरुषाचं रडणं ऐकू आलं. तालान्त होता.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. बाबा गेले तेव्हा तू म्हणालीस, शिवणकारखान्यात रजा मिळत नाही. गेल्या आठवड्यात तुझ्यासोबत खोलीत राहणारी बाक्तीगुल मॉस्कोहून गावी आली. भेटायला म्हणून आली आणि मला बघताच रडायला लागली. म्हणाली, त्या दिवसांत तू इस्पितळात होतीस. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. आणि इस्पितळातून सुटलीस ती लगेच कारखान्यात मशीनवर जाऊन बसलीस. बाक्तीगुलवर रागावू नकोस. आम्हाला का सांगितलं नाहीस, ते मी विचारणार नाही. एवढ्याशा जिवासाठी आपल्यात तंबू उभारत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "तशी रीत नाही." मग आपणच म्हणाली, "कुणीतरी पहिल्यांदा केल्याशिवाय रीत होते का?" तंबू अजून उतरवलेला नाही. परवा तालान्तनं आपणहून त्याच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या. तू ये. तंबूत शोक गाताना तिला हाक मारायला नाव लागेल. तू मनात ठेवलं असशील, तर आल्यावर सांग.

तुझीच आई, आणि तिची आजी