सत्यनारायणाचं आमंत्रण

मंगळवार, संध्याकाळ. काल्हेर.

डोकं नुसतं भणभणतंय. इतके दिवस मी पडघ्याच्या पार्टीला शिव्या घालत होते, की गोडाऊनचं कोटेशन कितीदा मेल केलं तरी साधं उत्तर देत नाहीत. आज नेटवाल्याने ऑफिसचा आयपी अ‍ॅड्रेस तपासला, तर तो ब्लॅकलिस्टमध्ये! म्हणजे आमचे सगळे मेल स्पॅममध्ये जातायत.

आणि हे कोणामुळे? भावजींमुळे. मागच्या महिन्यात नव्या गोडाऊनच्या सत्यनारायणाचं आमंत्रण त्यांनी आधी आमच्या पार्ट्यांना मेल केलं, आणि मग कुठूनतरी विकत आणलेल्या हजारो पत्त्यांवरही ऑफिसातूनच सोडलं. जाब विचारला, तर म्हणे, "वहिनी, देवाचा आमंत्रन हाय, त्याला स्पॅम कोन बोलंल?"

देवाचं आमंत्रण! आता ब्लॅकलिस्टमधून काढा म्हणून अर्ज मी करायचा. त्यात कारण काय लिहू? पूजा?

शेवटी राग गिळून पडघ्याला फोन लावला. तो माणूस अगदी गोड बोलला. "मॅडम, कोटेशन काही मिळालं नाही. आम्ही मानकोलीला दुसरं गोडाऊन घेतलं. पण तुमचं आमंत्रण मिळालं होतं हां. येऊन गेलो मी. शिरा मस्त होता."