पाळणाघराखालची माती

प्रिय चिमे,

तुझा फोन मी मध्येच ठेवला, म्हणून हे पत्र. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, हे आईचं म्हणणं काही खोटं नाही.

हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या तुझ्या फ्युएल सेलमधला पॉलिमरचा पडदा पहिल्यांदा टिकला, तेव्हा तू प्रयोगशाळेतून थेट माझ्याकडे आली होतीस. कांद्याच्या पापुद्र्यासारखा तो तुकडा उजेडात धरून म्हणालीस, "ताई, यातून प्रोटॉन तेवढे पलीकडे जातात, वायू अडतो. गाडीमागे धूर नाही, नुसतं पाणी!" माझे गुडघे दुखत असूनही मी तुझ्याबरोबर नाचले होते. म्हणून सांगते, मी तुझ्या या पडद्यांच्या नव्या कारखान्याच्या मुळावर उठलेय, असं पुन्हा म्हणू नकोस.

माझं भांडण कारखान्याच्या जागेशी आहे. तिथल्या जुन्या बागेत वर्षानुवर्षं तणनाशक फवारलं गेलं. त्यातलं आर्सेनिक अजून मातीत आहे. आमच्या माती-तपासणी प्रयोगशाळेचे साहेब बैठकीत म्हणाले, "सेंद्रिय आर्सेनिक आहे हो! सेंद्रिय भाजी आपण आवडीनं खातोच की." सगळे हसले. मी उभी राहून सांगितलं, की मातीतले जीवाणू हेच सौम्य आर्सेनिक हळूहळू मोडतात आणि मागे जहाल उरतं. तुझ्या कंपनीनं कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर आखलंय ना, नेमकं तिथंच ते मला सापडलंय. रांगतं मूल माती तोंडात घालणारच, चिमे. तू तर कुंडीच रिकामी करायचीस.

साहेब म्हणाले, तेवढा नमुना वगळा. मी म्हटलं, मला वगळा. त्यांनी खरंच वगळलं. माझं टेबल आता भांडारात आहे. तिथंच, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांत बसून, मी सगळे निकाल कारखान्याच्या परवानगीची सुनावणी घेणाऱ्या समितीला पाठवले.

माती बदलायला वर्ष जाईल, म्हणतेस. जाऊ दे. मी तसूभरही हलणार नाही.

उद्याच्या सुनावणीत कंपनीतर्फे माझे निकाल खोडायला तूच उभी राहणार आहेस. तू फोनवर सांगितलं नाहीस, पण मला कळलंय. ये. मान खाली घालू नकोस, आणि बहीण म्हणून एकही प्रश्न गिळू नकोस. मीही उत्तर देताना तुझी गय करणार नाही.

तुझीच,
हट्टी ताई