मोठं म्हणजे किती

३ जून

मामाचा स्टुडिओ म्हणजे अडाण्याचा गाडा! आज पासपोर्टच्या फोटोत एक लहान मुलगी हलली. शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं — हलणारच. मामा तिच्या आईला म्हणतो, पोरीला जरा वळण लावा. अडीचशेवा भाग ठेवला असता तर ती नाचली तरी चाललं असतं. फोटोग्राफीचा डिप्लोमा माझा, पण मी फक्त तो सांगेल ते आकडे लावायचे. कॅमेऱ्यातून बघणार मामाच.

७ जून

विचारलं, कॅमेरा माझ्या हातात कधी देणार?

"डोळे आहेत तोवर मीच."

८ जून

मामा 'मोठं कर' म्हणतो तेव्हा त्याला ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा, आकडा मोठा हवा असतो. आकडा मोठा तेवढं भोक बारीक, हे तीस वर्षांत डोक्यात शिरलेलं नाही. समजावलं. भोकाचं कौतुक तुझ्या पुस्तकाला, म्हणाला, माझा फोटो येतो ना? येतो. आंधळ्याची गाय देव राखतो.

१२ जून

कारखान्याचा ग्रुप फोटो. पाच रांगा. मामा ट्रायपॉडमागून ओरडला, "मोठं कर!" त्याला अकरा हवं होतं, हे मला ठाऊक होतं. अकरावर पाचही रांगा स्पष्ट येतात. पण मोठं म्हणजे मोठं — भोक सताड उघडलं, आकडा सगळ्यात लहान, दोन-आठ. उजेड जास्त येणार म्हणून शटर तेवढं वेगवान केलं. हिशेब चोख. मामाने पहिल्या रांगेवर फोकस धरून बटण दाबलं.

एकदा कळू दे त्याला.

१५ जून

मोठी प्रिंट आली. पुढची रांग लखलखीत, मागच्या तीन धुक्यात. शेवटच्या रांगेत त्या दिवशी निवृत्त झालेले मिस्त्री होते. मॅनेजर म्हणाला, ते गावी गेले, आता परत कुठून आणू?

मामा माझ्यावर खेकसणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं — तूच म्हणालास, मोठं. तो खेकसलाच नाही. प्रिंट खिडकीशी नेली, लांब धरली, जवळ धरली.

"फोकस माझा होता," मॅनेजरला म्हणाला.

१६ जून

कॅमेरा माझ्या टेबलावर. शेजारी दुकानाची किल्ली. मामा म्हणाला, आता तूच बघ, माझे डोळे गेले.

घेतला.

२० जून

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर उत्तम आहे. मामा तिथून थेट दुकानात आला. बसलाही नाही.

"त्या दिवशी आकडा किती होता गं?"

"अकरा," मी म्हटलं.