कडी लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आली! ‘बुडीत २’ची लिंक आली! चाकणहून परतताना कंपनीच्या बसमध्येच मेल उघडला आणि एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या कुसुमताई दचकल्या. “काय गं, लग्न ठरलं का?”

दहा वर्षं वाट बघितली! पहिला ‘बुडीत’ मी आणि धम्मानं एका खुर्चीत अर्धं-अर्धं बसून खेळला होता. मी एकोणीस, तो चौदा. धरणाचं पाणी ओसरतं आणि कस्तुरा आपलं बुडालेलं घर शोधत जाते. शेवटी सापडतं. ती उंबऱ्यावर पाय ठेवते — आणि गेम खलास! आत काय असेल यावरून आम्ही भावंडं वर्षभर भांडलो.

बाजारात फेब्रुवारीत येणार. पण विजयश्री, माझी डिप्लोमाची मैत्रीण, आता या गेमचं कथानक लिहिते. शंभर जणांना आधी खेळायला देतायत, त्यात तिनं माझं नाव घातलं. अट एकच — कुणाला दाखवायचं नाही. धम्मालासुद्धा नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट. चारला घरी, हातपाय धुतले की लगेच लॅपटॉप. काय चित्रं काढलीत! चिखलातून अर्धं वर आलेलं देऊळ, शाळेच्या भिंतीवर अजून टिकलेले पाढे. चहा गार झाला तरी कळलं नाही.

धम्मा दारातून डोकावत होता. लॅपटॉप मिटला. “ताई, गद्दार आहेस तू!” हसत म्हणाला, पण जेवताना बोलला नाही. चोवीस वर्षांचा घोडा, अजून रुसतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विजूचा मेसेज — “तिसऱ्या भागापर्यंत पोचलीस की सांग. तो अख्खा माझा आहे.” उद्या सुट्टी. उद्याच!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अक्षर येईल तसं येवो.

तिसऱ्या भागात कस्तुरा उंबरा ओलांडते. आत तिला आठवतं ते पुनर्वसनानंतरचं घर — कारखान्याजवळची दोन खोल्यांची चाळ. तिथं तिचे वडील. रिटायर झालेत, पण डोकं मागेच राहिलंय. रोज पहाटे उठतात, निळा युनिफॉर्म चढवतात, डबा मागतात आणि कंपनीची बस पकडायला निघतात. कस्तुरा आडवी होते. ते म्हणतात — “सोड गं बाई, बस चुकली की खाडा पडतो.”

माझ्या बाबांचं वाक्य. शब्दन्‌शब्द.

बाबा असेच डांगे चौकात जाऊन उभे राहायचे. कधी रिक्षावाले आणून सोडायचे, कधी पोलीस. ते सगळं गल्लीला माहीत होतं. पण पुढचं —

गेममध्ये त्यांना थांबवायचं असतं. मी त्यांचे बूट लपवले. ते चपला घालून गेले. “आज सुट्टी आहे” म्हटलं. कॅलेंडर बघून हसले. शेजारणीला बसवलं, तिला डुलकी लागली. हे सगळं मी खरोखर केलं होतं! आणि हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

तास गेला. शेवटी स्क्रीनवर दारावर माऊस नेला की अक्षरं येतात — ‘बाहेरून कडी लावा’. दुसरा मार्गच ठेवलेला नाही. कडी लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता लिहितेच. सहा वर्षांत या वहीतसुद्धा लिहिलं नाही. आई तिच्या भावाच्या अंत्यविधीला लातूरला गेली होती. धम्मा आयटीआयला. तीन रात्री माझा डोळा लागला नव्हता. सकाळी मी बाहेरून कडी लावली आणि शिफ्टला गेले. संध्याकाळी आले तेव्हा बाबा दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीवर. युनिफॉर्ममध्ये. अंग गार. मी त्यांना ओढत कॉटवर नेलं, कपडे बदलले, पांघरूण घातलं. मग ओरडले. सगळ्यांना सांगितलं — झोपेत गेले.

विजूला सांगितलं ते महिन्यानंतर. तिच्या मांडीवर डोकं ठेवून. “कुणालाही सांगणार नाही” असं मी म्हणायला लावलं नव्हतं. ते ती आपण होऊन म्हणाली होती.

गेममधली कस्तुरापण बापाला ओढत कॉटवर नेते. तेही बटण दाबून आपल्यालाच न्यायला लागतं.

मी नेलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

विजूचे चार मिस्ड कॉल. कामावर तपासणीत दोन खराब पीस माझ्या हाताखालून पास झाले. साहेब म्हणाले, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?”

शनिवार, ८ नोव्हेंबर

शिफ्टवरून थेट रहाटणीला, विजूच्या सोसायटीखालच्या चहाच्या दुकानात. ती धावत आली, मिठी मारायला हात पसरलेले. “खेळलीस? कसं वाटलं?”

मी म्हटलं, काढून टाक.

तिला खरंच कळेना. “अगं, नाव बदललंय, गाव बदललंय. कोण ओळखणार?”

“आई ओळखेल. धम्मा ओळखेल. पहिल्या दिवशीच घेणार आहे तो.”

मग म्हणाली, तुझ्यासाठीच लिहिलं. तुला मोकळं वाटावं म्हणून. म्हणाली, अशा कितीतरी मुली असतील, त्यांना आधार वाटेल. म्हणाली, वाचून दाखवलं तेव्हा अख्खी टीम रडली!

माझ्या बापावर! अख्खी टीम!

“मला विचारायचं होतंस, विजू.”

चहावरची साय काडीनं बाजूला करत राहिली. मग हळूच — “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

एवढंच एक वाक्य खरं बोलली. आवाज रेकॉर्ड झालेत, आता काही बदलता येत नाही, म्हणे. मी उठले. चहा तसाच.

रविवार, ९ नोव्हेंबर

आई शेजारच्या अंबुबाईंना सांगत होती, “आमच्या ह्यांचं मरण मात्र सुखाचं झालं बघा. झोपेतच गेले.” मी भाजी निवडत होते. मेथीच्या काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकली.

फेब्रुवारीला तीन महिने. गेमकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं. आधी धम्माला.

सोमवार, १० नोव्हेंबर

आई विहारात गेली होती. धम्माला बोलावलं. लॅपटॉप पुढे सरकवला — खेळ.

“खरंच? ताई, तू ग्रेट आहेस!” खुर्ची ओढून बसला. आधी चित्रांचं कौतुक. मग तो म्हातारा आला, खाड्याचं बोलला, आणि धम्माची पाठ ताठ झाली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. दारापाशी पोचला. अक्षरं आली. माऊसवरचा हात उचलला.

मी सगळं सांगितलं. कडी, जमीन, युनिफॉर्म, कॉट. त्याच्या पाठीलाच सांगितलं.

त्यानं बूट घातले आणि गाडी काढून गेला. माझा एकुलता भाऊ. तोही गेला असं धरून चालते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

धम्मा कंपनीतून परस्पर मित्राकडे. आईला फोन केला. मला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

धम्मा आज बोलला. गच्चीत, दोरीवरचे कपडे काढता काढता. बाबा गेले त्या दिवशी लेक्चर रद्द झालं होतं. अकराला तो घरी आला होता, मॅचसाठी बॅट न्यायला. बाहेरून कडी होती. आतून बाबा हाका मारत होते. “कडी काढली असती तर दिवसभर त्यांच्यापाशी बसावं लागलं असतं, ताई.” तो बॅट न घेताच परत गेला.

सहा वर्षं रोज माझ्यासमोर बसून जेवला.