ड्रममधला बाप्पा

२५ ऑगस्ट
मूर्ती आणली. प्लास्टर ऑफ पॅरिसची, मुद्दाम. आमची माई शाडूचीच म्हणत होती. पण यंदा दीड दिवसाच्या बाप्पाचं विसर्जन घरीच, ड्रममध्ये, सायन्सने. राजस्थानातलं जिप्सम भाजलं की प्लास्टर होतं. त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचं पाणी घातलं की खाली खडू, वर खत. आनंदनगर एमआयडीसीत पेंट कंपनीच्या डिस्पॅचला राहून माणूस आपोआप केमिस्ट होतो. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'अठ्ठेचाळीस तासांत बाप्पा विरघळणार. बघायला या.' सेक्रेटरी भूपेशने अंगठा टाकला.

२६ ऑगस्ट
मूर्तीचा रंग फिका वाटला. कंपनीतला बाहेरच्या भिंतींचा वॉटरप्रूफ पेंट आणून दोन हात मारले. डब्याच्या लेबलवर गॅरंटी सात वर्षं. लोक बघतच राहतील.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ
उत्तरपूजा झाली. गॅलरीतल्या ड्रममध्ये बाप्पाला सोडलं. श्रावण लागल्यापासून घरात मासळी नाही. रविवारी सुरमई. बाजारात सांगून ठेवलंय.

३० ऑगस्ट
बाप्पा जसाच्या तसा. उलट अंघोळ झाल्यासारखा जास्त चमकतोय. लोक आले, प्रसाद खाऊन गेले. सांगितलं, बारवी धरणाचं पाणी यंदा गार आहे, रिॲक्शनला वेळ लागतो.

३१ ऑगस्ट, रविवार
सुरमई आणली. माई दारातच उभी. "मधू, बाप्पा घरात आहे तोवर मासळी शिजायची नाही." समजावलं की उत्तरपूजा झाल्यावर मूर्तीत देव राहत नाही. "मग ड्रममध्ये कोण बसलंय?" सुरमई भूपेशकडे गेली. तळल्याचा वास आमच्या गॅलरीपर्यंत आला. वाईट वाटलं.

४ सप्टेंबर
आणखी बायकार्बोनेटची पावडर टाकली. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात. भूपेशने फोन करून विचारलं, तुमचं टॉयलेट चोकअप आहे का. वैदेहीचं म्हणणं, रंग खरवडा. बायकोला बोलायला काय जातंय. बाप्पाच्या तोंडावर पॉलिश पेपर कोण मारणार? माझा हात होत नाही. माई म्हणते, नदीवर नेऊ या. ग्रुपवर शब्द दिलाय, शक्य नाही.

१३ सप्टेंबर
ब्रेकथ्रू. मूर्ती उचलली तर हलकी लागली. बुडाला रंग लावला नव्हता, तिथून प्लास्टर विरघळतंय. ड्रमच्या तळाला खडूचा गाळ. ग्रुपवर 'सायन्सचा विजय' टाकलं. माई रोज ड्रमपुढे मोदकाचा नैवेद्य ठेवते, तो मलाच संपवावा लागतो. पँटचं बटण लागत नाही. धुण्यात आटली असणार.

२१ सप्टेंबर, रविवार
प्लास्टर संपलं. शंभर टक्के. खताचं पाणी जास्वंदीला घातलं. पेंट तेवढा राहिला. अख्खा. आतून पोकळ बाप्पा मुकुटासकट ड्रममध्ये तरंगतोय आणि हसतोय. माईने हात जोडले. म्हणाली, "बघ, त्यालाच जायचं नाहीये." मला उगाच भरून आलं.

तरी हळूच मासळीची पिशवी उचलली. वैदेही म्हणाली, ठेवा ती, उद्या घट बसतात, आता दसऱ्यानंतर. आणि मग विचारलं, हा रंग टिकतो तरी किती? बघू म्हटलं.

पेंटचा डबा माळ्यावर टाकला. लेबल भिंतीकडे करून.