शंख झाल्यावर हलायचं नाही

सोमवार, ३ मार्च
आज देवासमोरच नाक कापलं गेलं! आमची कुत्री मासिना माजावर आलीय. सकाळपासून ह्यांच्या मागे लागले होते, तिला कुठेतरी कोंडा म्हणून. पण कोंडणार कुठे? आमच्या घराला नुसते खांब — चारी बाजूंनी वारा आणि चारी बाजूंनी कुत्रे.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. पाद्रीसाहेब आज आमच्याकडेच होते. त्यांनी डोळे मिटले आणि गावातले झाडून सगळे कुत्रे आत! पुन्हा शंख होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हा गावाचा नियम. मी कोपरानं ह्यांना ढोसलं, तर मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "हलायचं नाही."

पाद्रीसाहेब घराच्या भरभराटीसाठी आशीर्वाद मागत होते. आमच्याच टोआ कुत्र्यानं बाकीच्यांना पिटाळलं आणि चटईच्या मधोमध भरभराटीला सुरुवात केली. आमेन मी जरा मोठ्यानंच म्हटलं.

मंगळवार, ६ मे
सात पिल्लं! मासिना अर्धमेली होऊन पडलीय. टोआचा एक कान पांढरा, तसाच साती पिल्लांचा. हे मात्र मिशीत हसत हिंडतायत, जसा काही पराक्रम ह्यांचाच.

रविवार, २२ जून
तीन पिल्लं पाहुण्यांच्या गळ्यात खपवली. हल्ली आमच्याकडे रविवारी कुणी जेवायला येत नाही. खोबऱ्याच्या दुधातली पालेभाजी उरते! निघताना हातात पिल्लू देतात म्हणे.

सोमवार, ७ जुलै
गावसभा झाली. कुत्र्यांनी कुणाची तरी डुकराची पिल्लं मारली. आमचे हे सभेतले वक्ते. काठी टेकून असे बोलले, की सगळे माना डोलवत राहिले. ठराव ह्यांनीच मांडला — घरटी दोन कुत्री, जास्तीची गावातल्या जवान पोरांनी गोळी घालून संपवायची. घरी आले आणि मासिनाच्या अंगावर लोळणारी चार पिल्लं बघून मटकन खाली बसले.

बुधवार, ९ जुलै
दोन पिल्लं राजधानीत, अपियाला बहिणीकडे बोटीनं पाठवली. तिनं दोनच ठेवून घ्यायचं कबूल केलं. बाकीच्या दोघांसाठी पोरं येऊन गेली. मी स्वयंपाकघरामागे बसून रडले. मासिना अजून वास घेत फिरतेय.

गुरुवार, १४ ऑगस्ट
अपियाहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. मी मासिनाला नेलं. तासाभरात पोटावर टाके घालून परत! टोआचं नाव काढताच हे मांडी घट्ट आवळून बसले. म्हणाले, "गड्याचा गडीपणा काढून घ्यायचा?"
डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ऑपरेशन कुत्र्याचं आहे. तुम्ही सैल बसा."
मी हसू दाबलं. मग त्यांनी नीट समजावलं. घरातली कुत्री वाचली, पण गावात कुत्र्या काय कमी आहेत? नुसती मासिना करून अर्धंच काम झालं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि टोआला बगलेत मारून चालते झाले.

शनिवार, ३० ऑगस्ट
टोआ दोन दिवस बेपत्ता. शेवटी पाद्रीसाहेबांच्या अंगणात सापडला. हे म्हणतात, त्याला धर्माची ओढ लागलीय.

रविवार, १२ ऑक्टोबर
आज मुलांचा सण. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. पाद्रीणबाईंची न्यूझीलंडहून आलेली पांढरी कुत्रीही दारात बसलेली. चांगली गरगरीत झालीय! मी म्हटलं, डब्यातलं खाणं मानवलं वाटतं. पाद्रीणबाई हसल्या नाहीत.

रविवार, १४ डिसेंबर
जेवणं आटोपता आटोपता पाद्रीणबाई आल्या. केळीच्या पानानं झाकलेली टोपली ह्यांच्यासमोर ठेवली. म्हणाल्या, आपण नेहमी डुक्कर, तारोचे कंद पाठवता, त्याची ही परतभेट. पाद्रीसाहेबांच्या घरची भेट नाकारायची कुणाची छाती आहे? ह्यांनी रीतीप्रमाणे टोपली डोक्याला लावली आणि पान उचललं.

सहा पिल्लं. प्रत्येकाचा एक कान — पांढराच, आणि बाकी अंग टोआसारखं काळं!

सभेत तासभर बोलणारा माणूस नुसता पिल्लं मोजत बसला. एक पिल्लू ह्यांचा अंगठा चोखत होतं. पाद्रीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "ठराव फार छान मांडला होतात हो."

जवान पोरांचा निरोप आलाय, परवा उजाडताच येतो. दोनच्या वर सहा. नियम तो नियम.

सोमवार, १५ डिसेंबर
शंख झाला. आज पुन्हा आमच्याकडे आलेल्या पाद्रीसाहेबांनी डोळे मिटले. बोटीच्या धक्क्याकडे जाणारी शेवटची बस मोठ्या रस्त्यावर भोंगा वाजवत होती. आणि सगळ्या गावादेखत आमचे हे उठले! एका हातात टोपली, दुसऱ्या हातात टोआची दोरी. मला म्हणाले, "त्या अपियाच्या डॉक्टरीणबाईंना फोन कर. सात जण येतायत म्हणावं."